मौनगटातली एक चूक

सांगलीच्या शक्यतामापन केंद्रात पाहुणा आला की त्याला आधी काचेपलीकडचं यंत्र दाखवायची रीत होती, आणि ते बघून पाहुण्याची निराशा व्हायचीही रीत होती. दाखवण्यासारखं होतंच काय तिथे? राखाडी रंगाची चार कपाटं आणि अंगावर काटा येईल इतकी थंड हवा. राज्यातल्या अकरा लाख घरांची झोप या चार कपाटांच्या हातात आहे, हे सांगूनसुद्धा कुणाला पटायचं नाही.

नियामक मंडळाच्या निरीक्षक डॉ. अनसूया डोंगरदिवे यांनाही पटलं नाही. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," केंद्रप्रमुख डॉ. शरयू मगदूम म्हणाल्या. "चहा मात्र आमच्याकडे बरा मिळतो. चला, बसून बोलू."

फेब्रुवारीतली दुपार होती. टेबलाशी तिसरे होते इलाही मुजावर, केंद्राचे संख्याशास्त्रज्ञ. हा माणूस मुळात कमी बोलायचा, आणि बोललाच तर हातातली पेन्सिल टेबलावर आपटत बोलायचा.

अगस्त्य विज्ञानपीठ म्हणजे काय हे त्या काळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पठारावरचं ते विद्यापीठ. जागा वर्षाला एकशे वीस, अर्ज अकरा लाख. तीन दिवसांची लेखी परीक्षा, बाकी काही नाही. ना मुलाखत, ना वशिला. पोरगं आत गेलं की आईबापांनी सुटकेचा श्वास टाकायचा, आणि नाही गेलं तर पुढची दहा वर्षं लग्नकार्यात मान खाली घालून जेवायचं. वेडेपणाच सगळा, पण सगळ्यांनी मिळून केला की वेडेपणाला वेडेपणा कोण म्हणणार?

त्यातून निघालं शक्यतामापक. सातवीपासून ते मुलाच्या अभ्यासाच्या खुणा टिपायचं. उत्तर लिहिण्याआधी तो किती थांबतो, काय खोडतो, चुकल्यावर पुन्हा त्याच वाटेनं जातो की दुसरी वाट धरतो, हे सगळं. आणि दर तीन महिन्यांनी शंभरापैकी एक आकडा द्यायचं: या मुलाला विज्ञानपीठात प्रवेश मिळण्याची शक्यता इतकी. बारावीच्या शेवटाला आकडा मधे कुठे रेंगाळत नसे. एक तर दहाच्या खाली, नाही तर नव्वदच्या वर. नव्वदी ओलांडली की गल्लीत पेढे वाटायचे. वर्गात बाकं आकड्यांप्रमाणे. रस्त्यात भेटलेला माणूस "काय गं, कितवीला?" असं विचारत नसे, सरळ "आकडा किती?" विचारायचा.

"शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर येतं तुमचं यंत्र," डोंगरदिवे म्हणाल्या. "आणि तुम्हीच मंडळाला शंका कळवता? स्वतःच्याच यंत्राच्या मागे हात धुवून लागलात की काय?"

मुजावरांची पेन्सिल वाजली. "तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक घोळ झाला, मॅडम. तासगावची एक मुलगी आणि विट्याचा एक मुलगा. दोघांचे आकडे अदलाबदल होऊन गेले. मुलीचा होता अठ्ठ्याण्णव, तिला कळवला गेला सहा. मुलाचा होता सहा, त्याला गेला अठ्ठ्याण्णव. आमच्या लक्षात येईपर्यंत परीक्षा होऊन गेली होती."

"मग?"

"मुलगा आज विज्ञानपीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगी परीक्षेला बसलीच नाही."

डोंगरदिवेंनी कप खाली ठेवला.

"आम्ही त्याला आकडाभार म्हणतो," शरयूताई म्हणाल्या. "सांगितलेला आकडा माणसावर बसतो. अठ्ठ्याण्णववाल्याला मास्तर पुढे बसवतात, त्याची चूक झाली तर 'अरे, तू असं कसं केलंस?' म्हणतात. सहावाल्याची चूक झाली तर कुणी काहीच म्हणत नाही. वर्षभरात दोघंही आपापल्या आकड्याला पोचतात. तर प्रश्न असा, की या सत्त्याण्णवांत यंत्राची नजर किती आणि आकड्याचा भार किती? दुधात पाणी ओतून झाल्यावर दूध किती होतं ते नुसतं बघून सांगता येत नाही."

"मग कसं सांगणार?"

"न सांगून. चाळीस मुलांचा मौनगट केलाय आम्ही. हुशार, विज्ञानपीठाच्या टप्प्यातली मुलं. यंत्र त्यांचे आकडे काढतं, पण ते कुणाला कळत नाहीत. त्या मुलांना नाही, शिक्षकांना नाही, आम्हालाही नाही. सगळी यादी मोहोरबंद आहे. जूनमध्ये निकाल लागला की मोहोर उघडायची आणि ताडून बघायचं. तिथे भार नाही. जे जुळेल ती नुसती नजर."

डोंगरदिवेंनी मौनगटाची नियमावली उघडली. सात कलमं होती, सगळी शरयूताईंनी लिहिलेली. तिसरं कलम वाचून त्या थांबल्या. "'आकडा घरातल्या कोणाही व्यक्तीस कळता कामा नये.' मुलाला कळला नाही म्हणजे झालं की! घरच्यांवर एवढी सक्ती कशाला?"

"भार पडायला आकडा कानांनीच ऐकावा लागतो असं नाही," मुजावर म्हणाले.

"आणि हे सातवं? 'मोहोरेच्या रक्षणाची पद्धत मुजावर ठरवतील व ती केंद्रप्रमुखांसही सांगणार नाहीत.' तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही," शरयूताई म्हणाल्या. "आईबाप मुलांची नावंच देईनात हो. आकडा न कळता पोर वाढवायचं म्हणजे काय, म्हणायचे. शेवटी पहिलं नाव मी माझ्या मुलीचं दिलं, तेव्हा बाकीचे आले. यादी आडनावांप्रमाणे लावलीय, तीत तेविसावी आहे ती. म्हणून ते सातवं कलम."

डोंगरदिवे मनापासून हसल्या. "शाबास! स्वतःच्याच हाताला कुलूप लावलंत."

शरयूताईंना तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला. वाटणारच. दुसऱ्याचं पोर प्रयोगात घालणारे पुष्कळ असतात.

त्यांचा संसार दोघींचाच. ऋजुताचे वडील ती चौथीत असतानाच गेले. ऋजुता सतरा वर्षांची, उंच, जराशी धसमुसळी, आणि गणित सोडवायची तिची तऱ्हा अशी की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा. आधी बिनधास्त चुकीच्या वाटेनं घुसायचं, भिंतीवर डोकं आपटलं की मागे फिरायचं, आणि मग कुणाला सुचलं नसतं अशा बाजूनं आत शिरायचं. रोज पहाटे पाचला शरयूताई तिचं पांघरूण ओढत. मग चहा, मग भांडण.

"हे काय लिहिलंयस? डोकं कुठं ठेवलं होतंस?"

"तुझ्याकडेच गहाण आहे!"

"खोड ते. परत कर. तुला येतं हे, आळशी कुठली!"

आणि ऋजुता दात-ओठ खात खोडायची आणि परत करायची. समोरच्या घरातल्या कुंभोजकर काकू म्हणत, "या घरात कोंबडं पाळायची गरज नाही." आकडा नसलेली मुलगी म्हणून काकूंना तिची दया यायची, पण ऋजुता मजेत होती. कुणी आकडा विचारला की म्हणायची, "माझा गुलदस्त्यात आहे. तुमच्यासारखा उघडा नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. ऋजुताच्या मैत्रिणीला त्र्याण्णव आकडा आला आणि तिच्या घरचे पेढे आले. आणि सराव परीक्षेत ऋजुताला एकशे वीसपैकी एकेचाळीस मार्क पडले. इतके कमी कधीच पडले नव्हते.

"वाट चुकले गं, आणि परत फिरायला वेळच उरला नाही," ती म्हणाली, आणि एका वेळी दोन पेढे तोंडात कोंबून अभ्यासाला बसली.

शरयूताईंना मात्र पेढा गिळवेना. एकेचाळीस? एक परीक्षा बिघडली की मुळातच काही कमी आहे? मौनगटात घालून आपण पोरीचं वाटोळं तर केलं नाही ना? वेळेवर कळलं असतं तर दुसरी काही तजवीज तरी करता आली असती. चार दिवस त्यांनी स्वतःला दहा कारणं सांगितली. खरं कारण एकच होतं: त्या आई होत्या, आणि त्यांना भीती वाटत होती.

शुक्रवारी मुजावर भाचीच्या लग्नाला मिरजेला गेले. दुपारी शरयूताई यंत्राच्या खोलीत गेल्या. मोहोरेला केंद्रप्रमुखाचा अंगठा पुरत होता. सातव्या कलमाप्रमाणे काही घंटा वाजेल, कुलूप अडेल, असं त्यांना वाटलं होतं. मनातून तसं व्हावं असंही वाटलं असेल. पण काहीच झालं नाही. यादी निमूट उघडली.

त्यांनी बाकीच्या ओळींवर हात धरला आणि फक्त तेविसावी वाचली.

मगदूम ऋजुता. चार.

किती वेळ त्या तिथे उभ्या होत्या कोण जाणे. थंडीनं बोटं बधिर झाली तेव्हा भानावर आल्या. यादी बंद केली, खुर्चीत येऊन बसल्या आणि शास्त्रज्ञासारखा विचार करू लागल्या. आकडा मला कळला, तिला नाही. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मग भार कसला? काहीही बिघडलेलं नाही. स्वतःच लिहिलेलं तिसरं कलम त्यांना त्या दुपारी आठवलं नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यावर विश्वास नाही बसत. आठवलं असणार, आणि ते दुसऱ्यांसाठी आहे असं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्या उठल्या आणि ऋजुताच्या अंथरुणापाशी गेल्या. पांघरुणाला हात घातला. पोर गाढ झोपली होती. चारच्या आकड्यासाठी कशाला हिची झोप मोडायची? त्यांनी पांघरूण उलट नीट केलं.

ऋजुता साडेसहाला धडपडत उठली. "आई! उठवलं का नाहीस?"

"झोप की गं जरा. किती जीव काढशील?"

मग हे रोजचंच झालं. सकाळी गरम धपाटे, दह्याची वाटी. "दमलीस का? पुरे आता." टेबलाच्या कोपऱ्यावर गावातल्या कॉलेजचा अर्ज येऊन पडला. "असू दे हाताशी. काही वाईट नाही हो ते कॉलेज." त्या आता ओरडत नव्हत्या. ऋजुतानं वही पुढे केली की पाठीवरून हात फिरवत. त्या एका शब्दानंही खोटं बोलल्या नाहीत असं त्यांना वाटत होतं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी ऋजुतानं वही आणून दिली. लांबलचक उदाहरण होतं. शरयूताईंनी नजर टाकली. तिसऱ्याच ओळीत धडधडीत चूक होती, नववीच्या मुलालाही दिसेल अशी. पूर्वीच्या शरयूताईंनी वही भिरकावली असती. आता त्यांनी ती हळूच मिटली. इतकं साधंही येत नाही बिचारीला! उगाच कशाला तोडायचं?

"छान केलंस," त्या म्हणाल्या.

ऋजुता बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग वही घेऊन आत गेली. त्या रात्री तिनं काही सोडवलं नाही.

त्यानंतर ती बदलली. चुकीच्या वाटेनं घुसणं बंद झालं. जेवढं येतं तेवढंच, सुवाच्य अक्षरात. खोडाखोड नाही. भांडण नाही. कुंभोजकर काकू म्हणाल्या, "पोर शहाणी झाली हो तुमची." मे महिन्यात परीक्षा झाली. तिसऱ्या दिवशी ती एक तास आधीच बाहेर आली. "जेवढं येत होतं तेवढं लिहिलं," म्हणाली. जूनच्या निकालात एकशे वीस नावं होती, आणि त्यात ती नव्हती. शरयूताई रडल्या, पण धक्का त्यांना बसला नाही. धक्का फेब्रुवारीतच बसून गेला होता.

निकालानंतर आठ दिवसांनी डोंगरदिवे पुन्हा सांगलीला आल्या. तेच टेबल, तोच चहा. मुजावरांनी मोहोर उघडली आणि मौनगटाची यादी भिंतीवर दिसू लागली. डावीकडे आकडा, उजवीकडे प्रत्यक्ष निकाल. मुजावर एकेक ओळ पेन्सिलीनं मोजत गेले. बरोबर. बरोबर. बरोबर. दहाव्या ओळीनंतर त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे नजर आहे," ते पुटपुटले. "शरयूताई, यंत्राला नजर आहे! कुणाला काही न सांगता..." आणि ते तेविसाव्या ओळीवर थांबले.

मगदूम ऋजुता. एक्याण्णव. प्रवेश नाही.

"ही चूक," मुजावर हळू आवाजात म्हणाले, आणि पुढे गेले. चोविसावी बरोबर. चाळिसाव्यापर्यंत सगळ्या बरोबर.

"चाळिसात एकोणचाळीस," डोंगरदिवे म्हणाल्या. "एक चुकली. नेमकी तुमचीच मुलगी असावी, याचं वाईट वाटतं."

शरयूताई उभ्या राहिल्या होत्या. "चार होता," त्या म्हणाल्या. "तिचा आकडा चार होता. एक्याण्णव नव्हता."

मुजावरांनी पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली.

"तुम्ही उघडलीत," ते म्हणाले.

"फेब्रुवारीत. मी फक्त तिची ओळ..."

"अहो, तुम्हीच मला सांगितलं होतंत! पद्धत तुम्ही ठरवा, मलाही सांगू नका." मुजावरांचा आवाज चिरकला. "कुलूप कुणीही तोडतं. म्हणून मी कुलूप लावलंच नाही. निकालाआधी जो कुणी उघडेल त्याला खोटी यादी दिसावी, अशी व्यवस्था केली. कूटयादी. नावं खरी, आकडे सोडत काढून घातलेले. वाटलं, उघडणाऱ्याला काहीच हाती लागू नये. सोडत होती ती, शरयूताई. चिठ्ठी उचलल्यासारखा तो चार आला होता."

शरयूताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पहाटेचं न ओढलेलं पांघरूण त्यांना आठवलं. मग दह्याची वाटी, मग तो अर्ज. "मी तिला सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "एका शब्दानं सांगितलं नाही हो!"

डोंगरदिवे मात्र भराभर लिहीत होत्या. "एक मिनिट. म्हणजे तेविसावी मुलगी मौनात नव्हतीच. घरात आकडा गेला होता. तिसरं कलम मोडलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "मग ती चूक यंत्राची नाहीच की. तिला यादीतून काढायचं. एकोणचाळिसात एकोणचाळीस. निव्वळ नजर, आणि एकही चूक नाही."

"पण भार!" शरयूताई ओरडल्या. "सोडतीतला आकडा एक्याण्णवच्या पोरीला खाली ओढतो, हे दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं ना. खोटा आकडा कळला म्हणून झालं ते. खरा कळला असता तर ती आज पठारावर असती, आणि ते दुःख तुमच्या वाट्याला आलं नसतं." डोंगरदिवेंच्या बोलण्यात खरंच माया होती, हेच भयंकर होतं. "मौनगट बंद करायची शिफारस करते मी. कुणाही मुलाला आकड्याविना ठेवू नये. आणि यंत्राची नजर इतकी चांगली असेल तर सातवीपर्यंत थांबायचं कशाला? यंदापासून पहिलीला देऊ."

अहवालावर सही करण्याआधी मुजावरांनी सगळं पुन्हा एकदा मोजलं. पण आकडेमोडीत दोष नव्हता. त्यांनी सही केली.

त्यांनीच अस्सल यादीतली तेविसावी ओळ छापून, केंद्राचा शिक्का मारून शरयूताईंच्या हातात दिली. "अजून एक वर्ष आहे तिला," ते म्हणाले. "पुन्हा बसता येतं. सांगा तिला. आता भार आपल्या बाजूनं पडू दे."

शरयूताई जवळजवळ पळतच घरी आल्या. ऋजुता टेबलाशी बसून गावातल्या कॉलेजचा अर्ज भरत होती. सुवाच्य अक्षरात.

"उघडली का गं यादी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"उघडली. ऋजू, तुझा आकडा एक्याण्णव होता. एक्याण्णव! मी चुकले, बाळा, माझंच चुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा बस. तुला येतं, तुला सगळं येतं!"

ऋजुतानं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तशी ती हसली.

"मार्चमध्ये मी तुला एक गणित दाखवलं होतं, आठवतं? तिसऱ्या ओळीत मुद्दाम चूक केली होती. म्हटलं, बघू आई ओरडते का. तू ओरडली असतीस ना, तर मी नाचले असते. पण तू छान केलंस म्हणालीस." ती थांबली. "तेव्हाच मला माझा आकडा कळला, आई."

"अगं, हे बघ!" शरयूताईंनी कागद तिच्यापुढे ठेवला. "हे बघ, शिक्का आहे!"

ऋजुतानं कागद हातात घेतला, शिक्का बघितला, आणि घडी घालून परत आईच्या हातात दिला.

"तुझ्याच केंद्राचा आहे," ती म्हणाली, आणि अर्जाचं पुढचं पान उलटलं.